पावती कोणाच्या नावावर?

गिरगाव-परळात पागडीची खोली कोणाची, या प्रश्नाला तीन उत्तरं असतात. राहणारा म्हणतो माझी, घरमालक म्हणतो माझी, आणि पावतीवर ज्यांचं नाव असतं ते भिंतीवर हार घालून बसलेले असतात.

इंटरनेटवरचं डोमेन याच वळणाचं. ‘विकत घेतलं’ म्हणतात, पण असतं भाड्यानंच. आगाऊ भाडं भरायचं म्हटलं तरी जास्तीत जास्त 10 वर्षांचं. इथल्या घरमालकाला रजिस्ट्रार म्हणतात, आणि घरमालकांच्या डोक्यावर 1998 पासून आयकॅन नावाची अमेरिकी संस्था बसलेली आहे.

लालबागच्या एका मंडळाला (नाव सांगत नाही, वर्गणीला घरी येतात) घरमालक बदलायचा होता. जुना दरवर्षी भाव वाढवी. नव्या कमिटीनं ठराव केला, सूचक-अनुमोदक झाले, चहा झाला.

नियम तसे सोपे. डोमेनचं कुलूप काढायचं, जुन्याकडून ऑथ कोड घ्यायचा, नव्याला द्यायचा. जुन्यानं पाच दिवसांत हरकत घेतली नाही तर डोमेन हललं. म्हणजे मालकाचं मौन ही चक्क संमती! आमच्याकडे मालकाचं मौन म्हणजे ‘पुढच्या महिन्यात बघू’. वर डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्यांना ट्रान्सफरच्या पैशांतच वर्षभराची मुदत वाढून मिळते. पागडीत पावती दुसऱ्याच्या नावावर करताना घरमालक साधारण तिसरा हिस्सा कापून घेतो, आणि 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 56नं हे घेणं कायदेशीरही करून ठेवलंय. आयकॅनला कृपया कोणी कळवू नये.

(रिझर्व्ह बँकेनं घरमालक बदलण्याच्या भानगडीवर फोर्टातूनच तोडगा काढला. एप्रिल 2025मध्ये सगळ्या बँकांना फर्मान सोडलं: 31 ऑक्टोबरच्या आत ‘डॉट बँक डॉट इन’वर या. रजिस्ट्रार एकच, हैदराबादची आयडीआरबीटी. घरमालकच एक म्हटल्यावर बदलणार कोणाशी?)

तर मंडळानं कोड मागितला. कोड गेला पावतीवर ज्याचं नाव त्याच्या ईमेलवर. वेबसाइट ज्या मुलानं श्रींची सेवा म्हणून फुकटात करून दिली, त्यानं ईमेल दिला होता पहिल्या नोकरीचा. ती नोकरी सुटली, ईमेल बंद पडला, मुलगा टोरंटोला गेला. त्याची आई भाजी घेताना सेक्रेटरींना भेटली. ‘आत्ता नको रे फोन करूस, झोपला असेल तो. संध्याकाळी कर. आणि त्याला म्हणावं, आईलाही करत जा.’

मुलगा भला. खात्यात शिरून ईमेल बदलायला तयार झाला. पण सेक्रेटरींना वाटलं, आलोच आहोत तर नावही बदलून घेऊ. मंडळाचं कशाला, कमिट्या येतात-जातात, स्वतःचंच टाकलं. नाव असो की ईमेल, बदललं की डोमेन 60 दिवस हलत नाही. यातून सूट मागायची सोय काही रजिस्ट्रार देतात, पण ती बदल करण्याआधी मागावी लागते. सेक्रेटरींनी ‘ओके’ सोडून काही वाचलं नव्हतं.

आषाढ संपत आला होता. कुलूप उघडणार ते विसर्जनानंतर. वेबसाइटचा क्यूआर कोड तर पावती पुस्तकांवर छापूनही झालेला, आणि डोमेनची मुदत संपत होती ऐन उत्सवात. मुकाट्यानं जुन्यालाच वाढीव भाडं भरलं. खजिनदारांनी ते ‘मंडप व इतर’ या खात्यात टाकलं.

विसर्जन झालं, साठ दिवस सरले, कुलूप निघालं. कोड आता सेक्रेटरींच्याच ईमेलवर येतो. कमिटी विचारते, तेव्हा ते म्हणतात, ‘एवढी काय घाई आहे? मंडळाची निवडणूक तर होऊ दे.’