आवाज येतोय का?

'आवाज येतोय का? येत असेल तर कमेंटमध्ये सांगा.' मराठी गायकांनी अलीकडे सर्वाधिक आळवलेली ओळ हीच असावी. बंदिश नंतर.

कोरोनानं २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होऊ दिला नाही. तेव्हा गवयांनी दिवाणखान्यात लाइव्हसाठी मोबाइल उभा केला, बरंच केलं. पुढं साथ ओसरली, मांडव परत पडला, लाइव्ह मात्र हललं नाही. आता त्याला 'रसिकांशी थेट नातं' म्हणतात.

थेट?

यूट्यूबवरचं लाइव्ह आपल्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस सेकंद सहज जातात. मध्यलयीत तीनतालाचं आवर्तन दहाएक सेकंदांत संपतं. तुम्ही समेवर ठोकलेलं 'क्या बात है' बुवांना दिसतं, तेव्हा बुवा दोन आवर्तनं पुढं गेलेले असतात. तिथं नेमका सूर घसरलेला असला तरी दाद पक्की!

शिवाय सुपरचॅट. पैसे टाका, बुवा तुमचं नाव वाचून दाखवतील. तमाशातल्या दौलतजादाला नाकं मुरडणारी मंडळी यात आघाडीवर. फरक एवढाच, की इथं शंभरातले तीस यूट्यूब आधी काढून घेतं.

बरं, लाइव्हची खरी गरज कुणाला? पुणेकराला? तो रिक्षानं मैफलीला जातो. गरज मुरबाडकराला. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडला रेल्वे नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात गाणं ऐकायचं तर एसटीनं कल्याण गाठा, पुढं लोकल. भैरवीपर्यंत थांबलात तर मुक्काम कल्याणच्या फलाटावर.

मग घरी बसून ऐका की!

ऐकू. रेंज आली की ऐकू. स्वातंत्र्यलढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटानं १९४२ मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला मुरबाड तालुक्यातल्याच सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मनोरे पाडून सरकार हलवणाऱ्यांच्या त्याच डोंगरात आता मोबाइलचा एक मनोरा उभा करा म्हणून सरकारला हलवायची वेळ आहे.

शनिवार-रविवारी मात्र उलटा कार्यक्रम. ट्रेकर येतो, ठाकरवाडीतला ढोलनाच मोबाइलवर टिपतो आणि घरी जाऊन 'सह्याद्रीच्या कुशीत' म्हणून टाकतो. खाली ट्रेकरचं नाव, कॅमेऱ्याचं नाव, बुटांच्या कंपनीचंसुद्धा नाव. ढोलवाल्याचं?

विचारायचं राहिलं.

त्याला चाहत्यांकडून मिळतं ते एवढंच: 'दादा, परत वाजवा ना, मघाशी हात हलला.' दादा परत वाजवतात. यालाही म्हणे कलावंताशी जोडलं जाणं म्हणतात.

तेव्हा पुढच्या वेळी गडावर जाल, तर आधी नाव विचारा, मग मोबाइल काढा. आणि क्यूआर कोडच्या भरवशावर जाऊ नका. खिशात शंभराची नोट ठेवा. तिच्यातले तीस कुणी कापत नाही.