जाडजूड पर्यावरण

प्लास्टिक कमी व्हावे म्हणून केंद्र सरकार पिशवी जाड करत आले आहे. १९९९ साली किमान जाडी २० मायक्रॉन होती. २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि २०२२ सरता सरता थेट १२०. पिशवीने चांगलेच अंग धरले.

तर्क तसा चुकीचा नाही. जाड पिशवी महाग, म्हणून दुकानदार ती फुकट वाटणार नाही. शिवाय कचरावेचकाला तिचे वजन भरते.

महाराष्ट्राने तर जून २०१८ पासून बंदीच अमलात आणली. तरी मंडईतली कोथिंबीर अजून झिरझिरीत पिशवीतूनच घरी येते. भाजीवाल्याकडे मायक्रॉन मोजायचे यंत्र नाही आणि गिऱ्हाईक कापडी पिशवी घरीच विसरते (दर वेळी!). पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. सापडलात, तर जुडीपेक्षा पिशवी महाग.