आमची नात बिघडते आहे

परदेशातून दत्तक घेतलेलं मूल येडशीला आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्याकडून लेकरं बाहेर जातात, बाहेरून इकडं येत नाहीत. 1979 साली पुण्यात जन्मलेली एक मुलगी स्थळेकर दांपत्यानं ‘श्रीवत्स’ संस्थेतून तीन आठवड्यांची असताना नेली, आणि ती पुढं ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळत विश्वचषक जिंकून आली. लिसा स्थळेकरची ही गोष्ट आमच्याकडं पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

आमची नात आली ती ओडिशाहून. म्हणजे देशातलीच. पण कोणार्क एक्स्प्रेसनं सोलापूर, तिथून जीपनं तुळजापूर, धाराशिव करत येडशी. उतरल्यावर भाषा कळत नाही, ताटात भाताऐवजी ज्वारीची भाकरी, आणि घरातला एकही चेहरा ओळखीचा नाही. तीन वर्षांच्या पोरीला याहून लांबचा परदेश कुठला असणार?

ती यायच्या आधी घरात तिचे नियम आले. सूनबाईला संस्थेतल्या ताईंनी बजावलं होतं: पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं, कडेवर घेणं सगळं आईबापांनीच करायचं. आपली माणसं कोणती, हे पोरीला पक्कं कळू द्यायचं. बाकीच्यांनी लांबून हसायचं. आता येडशीत लांबून हसतात ते फक्त पुढाऱ्यांकडं बघून. लेकरू दिसलं की आधी त्याचा गालगुच्चा घ्यायचा आणि मग कुणाचं म्हणून विचारायचं, ही आमची रीत. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली, आणि आता स्वतःच्या नातीला घास भरवायची मला बंदी! ‘‘आई, थोडेच दिवस,’’ मुलगा म्हणाला. मी ‘‘बरं’’ म्हटलं आणि भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

पोरगी आली आणि गल्ली हरखून गेली. ‘‘लई गुणाचं लेकरू हाय बाई!’’ हे मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की अखेर दारातच मान डोलवायला लागले. खरंच गुणाचं होतं. कुणीही हात पसरले की त्यांच्याकडं जायचं. दूधवाल्याकडं गेली, गॅसची टाकी आणणाऱ्याकडं गेली, समोरच्या काकूंच्या तर कडेवर बसून त्यांच्या घरी निघाली होती. ताटात पडेल ते मुकाट खायचं, तेही झपाट्यानं, कुणी ओढून नेईल अशा बेतानं. हट्ट नाही, रुसवा नाही. रात्री सूनबाईला जाग आली तर ही टक्क जागी, पंख्याकडं बघत पडलेली. हूं नाही की चूं नाही. सकाळी अंथरूण काढताना उशीखाली अर्धी पोळी निघाली, नीट चौघडी घातलेली.

मुंग्या होतील म्हणून मी ती उचलायला गेले, तर सूनबाईनं हात धरला. ‘‘राहू द्या, आई.’’ दुसऱ्या रात्रीपासून उशीशी एक छोटा स्टीलचा डबा ठेवायला लागली, त्यात पार्ले-जी. डबा उघडायचा, मोजून बघायचा, बंद करायचा आणि मग निजायचं, असा पोरीचा क्रम ठरून गेला.

मुलगा रात्री मोबाइलवर वाचायचा आणि सकाळी चहाला आम्हाला शिकवायचा. जिथं एका बाईच्या अंगावर दहा-बारा लेकरं, तिथं रडून कुणी येत नाही असं कळलं की लेकरू रडायचंच सोडतं. आपलं माणूस कोणतं हेच ठरलेलं नसलं की समोर येईल तो आपला. जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरानं 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा लेकरांवर अहवालच लिहिला होता म्हणे. पुढं अमेरिकेत हार्लो नावाच्या माणसानं माकडाच्या पिलांना दोन खोट्या आया करून दिल्या. एक तारेची, दूध देणारी. दुसरी मऊ कापडाची, बहुतेकदा रिकाम्या हाताची. पिलं भुकेपुरती तारेकडं जायची आणि बाकी दिवसभर कापडाला बिलगून बसायची. हे कळायला पिलांना आईपासून तोडून अमेरिकेत एवढा उद्योग कशाला करायचा? श्रावणात आमच्या रामलिंगला यायचं. घाटातल्या माकडिणी पोटाशी पिलू घेऊन भक्तांच्या पिशव्या पळवतात. पिशवी सुटते, पिलू सुटत नाही.

एवढं ऐकल्यावर गल्लीच्या कौतुकाची मला धास्तीच वाटायला लागली. जो तो वाखाणत होता ते नेमकं तिचं दुखणं होतं. मग आमच्या घरात एक भलतंच वाट बघणं सुरू झालं: ही पोरगी हट्ट कधी करणार? ‘‘चूप बसा’’ म्हणण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि आता मी देवापुढं बसून घरात आरडाओरडा होऊ दे म्हणत होते. तुळजापूरला नवस बोलायचाही विचार मनात आला. पण नवस फेडायला त्या गर्दीत तिला न्यावं लागेल, आणि ती तिथल्या कुणाही बाईचं बोट धरून निघून जाईल, म्हणून देवीला घरूनच हात जोडले.

येणारे-जाणारे प्रश्न विचारतच होते. दत्तकाचा आदेश हल्ली कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, हे आमच्या ह्यांनी पारावर सांगितलं आणि दोन दिवसांत ‘कलेक्टरनं दिलेली पोरगी’ असं तिचं नाव पडलं. दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं ताई येऊन पाहणी करणार म्हटल्यावर एका गृहस्थानं, ‘‘म्हंजी अनुदान असंल,’’ असा निष्कर्ष काढला. एक दूरच्या आत्याबाई मात्र थेट विषयावर आल्या. ‘‘काही म्हणा, रक्ताचं ते रक्ताचं.’’ मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही दर सोमवारी रामलिंगला जाता. तिथं जटायूची समाधी आहे. रावणाशी झुंजून पडलेल्या त्या गिधाडाला रामानं बापासारखा अग्नी दिला, तेव्हा रक्त बघितलं होतं का? आत्याबाई म्हणाल्या, ‘‘ते देवाचं झालं,’’ आणि चहाचा कप पुढं केला.

मग एका रात्री ती रडली. साधं मुसमुसणं नव्हे, भोकाड पसरलं, शेजारच्या घरातला दिवा लागावा असं. मुलगा अंधारात बादलीला ठेचकाळत धावला. सूनबाईनं तिला छातीशी धरलं आणि स्वतःही रडायला लागली. मी दारात उभी, मला नियमानं आत जायचं नव्हतं. ह्यांनी झोपेतून विचारलं, काय झालं? ‘‘रडली!’’ मी म्हणाले, आणि सांगताना माझा आवाज असा, की जणू शाळेतलं पोरगं स्कॉलरशिपला लागलं!

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. उपम्यातली मिरची बघून ताट ढकलणं झालं. चप्पल घालायची नाही म्हणून उंबऱ्यात लोळणं झालं. मी तेल लावायला हात पुढं केला, तर पदराआड जाऊन माझ्याकडं असं बघितलं की मी जणू पोलिओचे थेंब घेऊन आले आहे. पदर अर्थातच सूनबाईचा होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पार्ले-जीचा डबा अजून रोज मोजला जातो, तेव्हा मी बापडी कोण लागून गेले?

परवा समोरच्या काकू आल्या. नेहमीसारखे दोन्ही हात पसरले, ‘‘ये गं माझी शानी.’’ शानी धावत सुटली ती उलट दिशेनं, आईच्या पायांना मिठी मारून तिथूनच ओरडली, ‘‘नाऽऽही!’’ काकूंचे हात तसेच हवेत राहिले. पाटावर टेकत त्या खालच्या आवाजात मला म्हणाल्या, ‘‘बाई, राग मानू नका, पर पयल्यांदा लई गुणाची व्हती. तुमच्या घरात येऊन बिघडली.’’

मी त्यांच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली.