हेल्पर पाहिजे

कळंबात कुणाच्या मशीनचा बोल्ट अडकला तर तो माणूस आधी पाना शोधत नाही, आधी दार लावून घेतो. पान्यावर हातोडी बसल्याचा आवाज जिथवर जातो, तेवढ्या टापूत निदान एक तरी रिटायर फिटर राहत असतो, आणि त्या आवाजाला तो आल्याशिवाय राहत नाही. जेवत असेल तर हात धुऊन येतो. झोपला असेल तर डोळे न उघडता येतो, आणि दारातूनच विचारतो, "कितीचा बोल्ट हाय रं?"

कुठल्या गल्लीत हे आबा असतात, कुठे नाना, कुठे अण्णा. आपण सोयीसाठी तात्या म्हणू. हे सगळे कंपनीतून रिटायर झालेले. कंपनी म्हणजे वालचंदनगरची; आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव सांगावं लागतं, हिचं लागत नाही. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात या नीराकाठच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना काढला, पुढे साखर कारखान्यांची यंत्रंच इथे घडू लागली, आणि कळंबच्या शेजारी एक अख्खं गाव भोंग्यावर उठायला-बसायला शिकलं. शेठजी १९५३ साली वारले. आमचे तात्या त्यानंतर जन्मले. तरीही शेठजी एकदा शॉपमध्ये आले होते आणि "काम बरं चाललंय ना?" असं खुद्द तात्यांना विचारून गेले होते, ही गोष्ट तात्या सांगतात आणि आम्ही ऐकतो. सनावळीत शिरलं तर चहा गार होतो.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तात्यांच्या शर्टाच्या खिशात अजून टेस्टर, स्टीलची सहा इंची पट्टी आणि चष्म्याची डबी असते. पट्टी नुसती शोभेची नाही. सुनेनं केलेली भाकरी एका बाजूला जाड झाल्याचं त्यांनी एकदा मिलिमीटरमध्ये सिद्ध करून दाखवलं होतं. त्या दिवसापासून भाकरी काकू करतात.

तात्या वेळ सांगतात तीही पाळीवर. "काल दुसऱ्या पाळीत आलतो तुझ्याकडं, नव्हतास." म्हणजे दुपारी तीननंतर कधीतरी. पाहुण्यांना स्टँडवर सोडायला जाताना ते "डिस्पॅच करून येतो" म्हणतात, आणि नातवाचा निकाल लागला की "इन्स्पेक्शनमध्ये पास झाला का?" एवढंच विचारतात.

पण तात्यांचा खरा स्वभाव कळायचा तर त्यांना हेल्पर का लागतो, ते समजून घ्यायला हवं. फिटर स्वतः पाना उचलत नाही. तो हात मागे करतो आणि हेल्पर त्या हातात पाना ठेवतो, अशी तात्यांची समजूत आहे. नोकरीच्या आयुष्यात तिला तडा जाण्याचा प्रसंग आला नसावा. घरात बल्ब बदलायचा झाला तरी तात्या स्टुलाजवळ उभे राहून हात मागे करतात. त्या हातात कुणी बल्ब ठेवला नाही तर हात तसाच राहतो. काकूंनी संसाराची बरीच वर्षं हेल्परकी केली आणि मग, तात्यांच्याच भाषेत सांगायचं तर, व्हीआरएस घेतली. तेव्हापासून तात्यांच्या घरचा मोरीतला नळ गळतो आहे. ते एकदा इंदापूरला लग्नाला गेले असताना काकूंनी प्लंबर बोलावून तो गुपचूप दुरुस्त करून घेतला होता. तात्या परत आल्यावर त्यांनी तो तपासला, "वायसर चुकीचा टाकलाय" म्हणून उघडला, आणि हेल्पर नसल्यामुळे तो अजून तसाच आहे.

गावात मात्र हेल्परांना तोटा नाही. जो अडला तो हेल्पर.

परवा आमच्या गल्लीत एका घराच्या चौकटींचं काम चाललं होतं. सुतार तरुण, हाताला चांगला. त्याच्याकडे बारामतीहून नवीन आणलेलं हातातलं कटर मशीन होतं, ते गोल पात्याचं. बाभळीच्या फळ्या कापून कापून पातं बोथट झालं होतं, ते बदलायचं होतं. बोल्ट काही हलेना. त्यानं लॉकचं बटण दाबून पाना डावीकडे ओढला. मग आणखी जोरानं ओढला. मग एक पाय मशीनवर ठेवून ओढला. इतक्यात शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं पाना हातोडीनं ठोकायची सूचना केली, आणि पहिला ठोका पडला.

तात्या येईपर्यंतच्या पाच मिनिटांत तिथे जे जमायचं ते सगळं जमलं. ट्रॅक्टरवाला दांडा वाढवायला पाइप आणायला गेला. एका पोरानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस स्वच्छ टेबलावर, स्वच्छ मशीनचा, मुळात अडकलेलाच नसलेला बोल्ट दोन बोटांनी काढून दाखवत होता. घरमालकीणबाईंनी खोबरेल तेल आणलं. कुणीतरी डिझेलची बाटली आणली. शेवटी माझ्याकडे बघून सगळे गप्प झाले, कारण मी लिहिणारा माणूस आहे हे गल्लीला ठाऊक आहे आणि माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती.

तात्या आले. मशीनकडे न बघता भिंतीकडे बघितलं. तिथे वायर बोर्डात खोचलेली होती.

"पिन काढ."

"बटन बंद हाय तात्या."

"पिन काढ म्हणतोय न्हवं?"

हा आवाज निराळा होता. सुतारानं मुकाट्यानं पिन काढली. तात्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला अर्धंच नख आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा इतिहास ते सांगतात, त्या नखाचा सांगत नाहीत.

पिन निघाल्यावर मात्र तात्या पुन्हा तात्या झाले. खुर्ची आली, चहा आला. स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी मुलाची चौकशी करावी तशी त्यांनी बोल्टाची चौकशी सुरू केली. मशीन कुठलं? किती दिवसांचं? शेवटचा कुणी आवळला? लाकूड कोणतं कापत होतास? बाभूळ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. बाभळीचा डिंक आणि भुसा पात्याच्या दोन्ही वायसरांमध्ये जाऊन बसतो, मशीन तापलं की घट्ट होतो. मग पट्टी काढून त्यांनी बोल्टाचं डोकं मोजलं आणि खेदानं म्हणाले, "ह्यो बोल्ट हाय? आमच्या मिलच्या रोलरचे बोल्ट माझ्या दंडाएवढे. घण घालून सोडवायचो." 'सोडवायचो' या क्रियापदात नेमके किती हेल्पर सामावलेले होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिथून गाडी मिलवर गेली, मिलवरून गिअरबॉक्सवर, आणि गिअरबॉक्सवरून जायची तिथेच गेली: अवकाशात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या बूस्टरचे भाग वालचंदनगरला घडलेले होते. याचा अभिमान आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांनाच आहे, आणि असायलाच हवा; उसाच्या फडाशेजारी रॉकेटचे भाग घडावेत ही गोष्ट साधी नाही. फक्त तात्या ती अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, शेवटचा पाना त्यांनीच मारला. ते तेव्हा कधीच रिटायर झाले होते. पण ज्या शॉपमध्ये काम झालं तिथल्या क्रेनच्या रुळाचे बोल्ट एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी आवळले होते, असा त्यांचा दावा आहे. "वर आभाळात बोल्ट ढिला झाला तर कोण जाणार हाय पाना घिऊन? हितंच बराबर बसला पायजे," असं ते म्हणतात, आणि या वाक्याला अजून तरी कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

ट्रॅक्टरवाला पाइप घेऊन आला. तात्यांनी पाइपकडे अशा नजरेनं पाहिलं की तो त्यानं पाठीमागे धरला.

"किती यळ वढतोयस?"

"अर्धा तास झाला."

"म्हंजी अर्धा तास आवळतोयस."

आता इथे तात्यांना बाजूला ठेवून मला चार शब्द बोलू द्या, कारण त्यांनी हेच सांगायला पाऊण तास घेतला. साधा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो, हे आपल्या हाताला लहानपणापासून माहीत असतं. पण गोल पात्याच्या मशीनचे आटे कसे पाडायचे, हे पातं कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरतं. पातं लाकडात शिरलं की लाकूड त्याला अडवतं, आतला दांडा मात्र पुढे फिरू पाहतो. या ओढाताणीत बोल्ट सैल होऊन पातं निसटलं तर माणूस गेलाच. म्हणून आटे असे पाडतात की कापताना बोल्ट आपोआप आवळला जावा. हातात धरून पुढे ढकलायच्या मशीनचं पातं उजव्या अंगाला असेल तर आटे साधे असतात, डाव्या अंगाला असेल तर उलटे. आमच्या सुताराचं जुनं मशीन उजव्या पात्याचं होतं. नवीन डाव्या पात्याचं होतं. त्याचा हात जुन्या मशीनच्या सवयीनं ओढत होता, आणि आजूबाजूचे सगळे त्याला आणखी जोरानं ओढायचा सल्ला देत होते.

उलट्या आट्यांची तात्यांकडे मोठी यादी आहे. सायकलचं डावं पायडल. टेबलफॅनच्या पात्यांवरची टोपी. गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनचा नट. ऑक्सिजनचा सुलटा आणि ॲसिटिलीनचा उलटा, म्हणजे घाईत एकाची नळी दुसऱ्याला लागणारच नाही. ही यादी सांगताना तात्यांचा चेहरा उजळतो. ज्या जगात सगळे डावीकडे ओढतात, तिथे उजवीकडे सुटणाऱ्या वस्तूंची खबर आपल्याकडे आहे, हे त्यांचं सगळ्यात मोठं वैभव आहे. पेन्शन त्या मानानं फारच थोडी बसते.

"बाण बघ," तात्या म्हणाले.

पात्याच्या कव्हरवर बाण होता. सगळ्यांनी वाकून तो बघितला. मोबाइलवाल्या पोरानं त्याचा फोटोही काढला.

"पातं जिकडं पळतंय, तिकडंच पाना. मशीन कुठलं का असंना."

मग त्यांनी डिझेलचे दोन थेंब बोल्टाच्या बुडाशी टाकायला लावले आणि चहाचा दुसरा कप मागवला. तेल मुरायला वेळ द्यावा लागतो, हे खरंच आहे. फक्त तो वेळ नेहमी एका चहाएवढाच का असतो, याचा शोध घ्यायला हवा. लॉकच्या बटणावर भार द्यायचा नाही, ते मोडलं तर नवीन भाग टाकावा लागतो, म्हणून बाभळीचाच एक ठोकळा पात्याच्या दातांपुढे लावायला लावला. बाणाच्या दिशेनं पाना फिरला की दात ठोकळ्यात रुततात आणि पातं जागच्या जागी थांबतं. तोंडाचा पाना बाजूला टाकून रिंग पाना घ्यायला लावला, म्हणजे डोक्याच्या कडा जाणार नाहीत. हे सगळं झाल्यावर त्यांनी हात मागे केला. सुतारानं त्या हातात पाना ठेवला. तात्यांनी तो बोल्टावर बसवला, नीट बसल्याची खात्री केली, आणि सुताराला परत दिला.

"आता हाण. दाबायचं न्हाई. तळहातानं एक टोला, दांड्याच्या टोकाला."

टक् झालं. बोल्ट सुटला. मागच्या सगळ्या मेहनतीची लाज वाटावी इतक्या सहज सुटला.

लोकांनी सुताराला शाबासकी दिली. तात्यांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली नाही, कारण त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. नवीन पातं बसवायच्या आधी दोन्ही वायसर खरवडून पुसून घे. आट्याला तेलाचं बोट लाव. आणि मुख्य म्हणजे, बोल्ट हाताच्या जोरानं बेताचा आवळ. बाकीचा मशीन स्वतः आवळून घेतं. सुतारानं सगळं ऐकलं, सगळ्याला "व्हय तात्या" म्हटलं, तात्यांची पाठ वळेपर्यंत थांबला, आणि मग मशीनवर पाय ठेवून, दात खाऊन, पूर्ण ताकदीनं बोल्ट आवळला. ट्रॅक्टरवाल्यानं पाइप पुढे केला, तोही लावला.

त्यात त्याचा दोष नाही. ढिला बोल्ट दिसतो, प्रमाणाबाहेर आवळलेला दिसत नाही. आणि ताकद लावलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही. तात्यांसारख्यांचा धंदा त्यावरच चालतो, आणि धंदा तरी कसला, दोन कप चहा. मी गावातल्या बऱ्याच हुशार माणसांना कंटाळलो आहे, तात्यांना कंटाळलो तरी सोडू शकत नाही, कारण त्यांच्या तासाभराच्या बोलण्यातली पाच मिनिटं कुठल्याही व्हिडिओत सापडत नाहीत. ती पाच मिनिटं नेमकी कुठली, हे आधी कळत नाही, एवढीच अडचण.

तर वाचकहो, तुमच्या मशीनचा बोल्ट अडकला असेल तर आधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कव्हरवरचा बाण बघा, पात्यापुढे लाकूड लावा, रिंग पाना घाला आणि बाणाच्या दिशेनं एक टोला द्या. सुटला तर बरंच झालं. नाही सुटला तर मशीन घेऊन कळंबला या, पहिल्या पाळीत या, आणि येताना आपला हेल्पर बरोबर आणा. आमच्या गल्लीत आता कुणी मोकळं नाही.