भुईची समजूत

आपल्या रेल्वे स्टेशनांच्या दारातली मेटल डिटेक्टरची चौकट फार समतावादी असते. ती सगळ्यांवर सारखीच ओरडते आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही. त्या सकाळी भावोजी तिच्याखालून गेले ते खांद्याला दुसरा मेटल डिटेक्टर अडकवून. चौकट नेहमीसारखी ओरडली आणि दोन यंत्रांची ती भेट कोणाच्याही लक्षात न येता उरकली.

भावोजी बँकेतून निवृत्त झाल्यापासून ताईच्या स्वयंपाकघराचं ऑडिट करत असत. त्यावर उपाय म्हणून भाच्याने न्यू जर्सीहून हे यंत्र पाठवलं. लांब दांडा, टोकाला तबकडी, मुठीशी छोटा पडदा. "काही सापडलं नाही तरी चालेल, पण संध्याकाळपर्यंत येऊ नका," असं ताईने निघताना बजावलं होतं. सोबत म्हणून माझी नेमणूक झाली.

२०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे वैतरणेचा पूल ओलांडूनही आपण मुंबईतच आहोत असा भास टिकतो. तो घालवायला समोर मासळी विकून परतणारी एक मावशी होती. यंत्राकडे बघून तिने विचारलं, "गवत कापाया निघालाव काय?" भावोजींनी तिला चुंबकीय क्षेत्र समजावून सांगायला सुरुवात केली. सफाळ्यापर्यंत ती जागी होती.

पालघर पूर्वेला, मनोर रस्त्याला माझ्या मामेभावाचं शेत आहे. जिल्हा नवा, २०१४ चा. खालचा कातळ सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. भावोजींनी यंत्र सुरू केलं, तबकडी जमिनीजवळ नेली आणि यंत्राने असा टाहो फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दोन पावलं पुढे, पुन्हा टाहो. तिसऱ्या ठिकाणी मामेभावाचे डोळे चमकले. "आजोबा म्हणायचे, या शेतात काहीतरी आहे."

होतं. लोखंडच होतं, पण कुठल्याही हंड्यात नव्हतं. आपला काळा कातळ झिजून जी माती होते, तिच्यात मॅग्नेटाइटसारखे चुंबकीय कण ठासून भरलेले असतात. यंत्राची तबकडी बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली सोडते. नाण्यात त्याने छोटे भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर किंचित उशिरा येतं. मातीतले लोहकण मात्र जवळजवळ लगेच उत्तर देतात आणि तेही सगळे मिळून. या गोंगाटातून नाण्याचा आवाज ऐकायचा तर यंत्राला आधी सांगावं लागतं की बाबा, ही जमीन, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. धातूचा तुकडा नसलेली जागा शोधायची, बटण दाबून धरायचं आणि तबकडी जमिनीवर खाली-वर, खाली-वर करत राहायचं. मातीचा आवाज मावळला की पडद्यावर आलेला आकडा कायम करायचा.

लांबून बघणाऱ्याला हे भुईला ओवाळल्यासारखं दिसतं. बांधावर मंडळी जमली. त्यातल्या एका आजींनी चपला काढल्या.

बराच वेळ ओवाळल्यावर आकडा ठरला. यंत्र गप्प झालं, भावोजी विजयी मुद्रेने पुढच्या वाफ्यात शिरले आणि टाहो पुन्हा सुरू. तो राबाचा वाफा होता. भाताचं रोप टाकण्याआधी इकडे शेणी, पाला, तोडलेल्या डहाळ्या रचून जमीन भाजतात. त्या आचेने मातीतली गरीब स्वभावाची लोहसंयुगं चांगली चुंबकीय होऊन बसतात. म्हणजे एकाच मालकाच्या, एकाच बांधाआतल्या दोन वाफ्यांसाठी यंत्र दोनदा जुळवायचं. न्यू जर्सीत छापलेल्या माहितीपुस्तकात राबावर प्रकरण नव्हतं. सेन्सिटिव्हिटी कमी करा, तबकडी सावकाश फिरवा, एवढंच होतं.

"शालकमहाराज, निराश होऊ नका," माझ्या चेहऱ्यावर निराशा नसताना भावोजी म्हणाले. "ग्रॅहम बेललासुद्धा जमलं नव्हतं." हे मात्र खरं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात गोळी अडकली, तेव्हा टेलिफोनवाल्या बेलने ती शोधायला असंच एक यंत्र घेऊन त्यांची खोली गाठली. यंत्र नको तिथे वाजू लागलं. अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. गारफिल्ड वाचले नाहीत. बेलला निदान राब तरी लागला नव्हता.

दुपारी बोईसर. इथे नव्या माणसाचा गोंधळ होतो. तारापूर एमआयडीसी बोईसरला, तारापूर अणुऊर्जा केंद्राकडे जायचं तर उतरायचं बोईसरला, आणि खुद्द तारापूर पलीकडे समुद्राकाठी आपला किल्ला सांभाळून बसलेलं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव पडले. भावोजींना तिथे जायची फार इच्छा होती. जुन्या किल्ल्याच्या आसपास हे यंत्र काढलं तर सापडणारी पहिली वस्तू पोलीस असेल, हे मी त्यांना पटवलं.

त्याऐवजी त्यांनी एमआयडीसीजवळच्या एका मोकळ्या, भराव टाकलेल्या जागेवर यंत्र काढलं. वेल्डिंग रॉडची टोकं, लेथचा कीस, खिळे, भट्टीची मळी. ग्राउंड बॅलन्सला धातू नसलेली वीतभर जागा लागते आणि ती इथे सापडेना. वरून उच्च दाबाच्या तारा गेलेल्या; यंत्र जमिनीपासून वर धरलं तरी किरकिरत होतं.

तेवढ्यात रिक्षावाले गोळा झाले. अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून शेजारी आहे. पडदा लावलेला दांडा घेऊन फिरणारा माणूस दिसला की तो कशासाठी आला असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"साहेब, रेडिएशन किती हाय?"

भावोजींनी पडद्याकडे पाहिलं. त्यावर ग्राउंड बॅलन्सचा सकाळचा आकडा होता. "सत्त्याऐंशी," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

शांतता पसरली. "गेल्या वर्षी किती होतं?" मागून कोणीतरी विचारलं. एकाने रिक्षा थोडी लांब नेऊन लावली. एक जण म्हणाला, "सरकारी आकडा कमीच सांगणार, खरं दीडशे असेल." आता सीआयएसएफचे जवान येऊन हाच प्रश्न हिंदीत विचारतील, या कल्पनेने मी भावोजींना त्याच लांब नेलेल्या रिक्षेत कोंबलं आणि म्हटलं, "चिंचणी!"

चिंचणीबद्दल मला आदर आहे. इथे १९५५ च्या सुमारास जमिनीतून ताम्रपट निघाले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी आणि एका मठाला दिलेली जमीन, असा त्यातला मजकूर. आपल्या इतिहासाबद्दल तावातावाने बोलणाऱ्यांनी एकदा वाचावा असा. तो शोधायला यंत्र लागलं नव्हतं.

सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या रेतीत यंत्र शहाण्यासारखं वागलं. बाटल्यांची बुचं आणि गुटख्याची चंदेरी पाकिटं त्याने एकामागून एक काढून दिली. ओल्या रेतीवर पाऊल ठेवलं आणि सकाळची सगळी विद्या उलटी झाली. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं. त्याचं उत्तर लोहकणांपेक्षा वेगळ्याच अंगाने येतं. आकडा सत्त्याऐंशीवरून पार तळाला न्यावा लागला. त्यात लाटांनी काळ्या लोहकणांच्या रेघा ओढून ठेवलेल्या. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं यंत्र मिठाला आणि लोखंडाला एकाच वेळी गप्प करू शकत नाही. भावोजी एकाची समजूत घालत, तोवर दुसरं बोलायला लागे. दोघं गप्प होत, तोवर लाट येई.

शेवटी पुळणीच्या वरच्या कडेला एक स्वच्छ सूर आला. खणलं. दहा रुपयांचं नाणं. शेजारीच आणखी एक सूर, एक रुपया. भावोजींमधला बँकवाला जागा झाला.

"अकरा झाले," ते गंभीरपणे म्हणाले. "१८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं."

"तो पुरून ठेवलेल्या धनाचा आहे हो. हे कोणाच्या तरी खिशातून पडलंय."

"हे ठरवणारे आपण कोण? कोळगावला कलेक्टर कचेरी आहे. वाटेतच."

अर्जात 'मोजे चिंचणी' लिहायचं की 'मौजे चिंचणी', यावर आमचा वाद चालू असताना रिक्षावाला सुट्टे मागायला आला. भावोजींनी सापडलेलं दहाचं नाणं त्याच्या हातावर ठेवलं, कायद्याच्या दृष्टीने बहुधा साक्षीपुरावा म्हणून. त्याने ते उलटंपालटं करून परत दिलं.

"दहाचा डॉलर इकडे कोण घेत नाही, काका. नोट द्या."

रिझर्व्ह बँकेने हे नाणं चलनात असल्याचं कितीदा तरी सांगितलं आहे आणि भावोजींनी ते काउंटरवर बसून शेकडो लोकांना ऐकवलं असेल. आज त्यांनी वाद घातला नाही. चेहरा उजळला.

"म्हणजे एकूण किंमत एक रुपया," ते म्हणाले आणि त्यांनी नोट काढली.