रॅमदासी

कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसला की घरातले लोक आधी व्हायरसला शिव्या घालतात, मग विंडोजला, मग मुलाच्या गेमला. रॅमदासी शांतपणे एवढंच विचारतो, "एक्सएमपी चालू आहे का?" समोरच्याचा चेहरा कोरा पडतो आणि रॅमदासी समाधानाने बाह्या सरसावतो.

हा माणूस पेशाने बँकेत असेल, कॉलेजात शिकवत असेल किंवा आयटीत असून कॉम्प्युटर उघडून बघण्याची त्याच्यावर कधी वेळ आली नसेल. पण कुणाकडे गेला की यजमानांना नमस्कार करण्याआधी तो काचेच्या कॅबिनेटमध्ये डोकावतो. चार स्लॉट असतील आणि रॅमच्या स्टिक दोनच, तर प्रोसेसरकडून मोजत त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. पहिल्या दोनांत शेजारीशेजारी दिसल्या की त्याला पोहे गोड लागत नाहीत.

त्याचं मूळ दुखणं खोक्यावरच्या आकड्यात आहे. खोक्यावर ३६०० छापलेलं असतं. स्टिक लावली की मशीन निमूटपणे २१३३ किंवा २६६६वर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. तो जाहिरातीतला वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हे प्रोफाइल चालू करावं लागतं. इंटेलने ही सोय २००७मध्ये आणली. स्टिकवरच्या एका बारीक चिपमध्ये वेग, टायमिंग आणि व्होल्टेज लिहून ठेवलेलं असतं, ते मदरबोर्ड वाचतो आणि डीडीआर४ला नेहमीच्या १.२ऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट देतो. बहुतेकांचं काम इथे संपतं. रॅमदासीचं आयुष्य इथे सुरू होतं, कारण त्याचं मशीन नेमकं ३६००वरच कोलमडतं.

(आकड्यापुढे कुणी 'मेगाहर्ट्झ' म्हटलं तर तो थांबवतो. घड्याळ १८००चंच असतं, एका ठोक्यात माहिती दोनदा जाते, म्हणून ३६००. ही दुरुस्ती त्याने साखरपुड्याच्या पंगतीतही केलेली आहे.)

लॅमिंग्टन रोडचा दुकानदार स्टिक उलटसुलट करून म्हणतो, "साहेब, २६६६वर चालतंय ना? मग झालं तर!" रॅमदासीला हे ऐकवत नाही. पैसे ३६००चे मोजलेत! आता मौज अशी, की जेडेक या संस्थेच्या डीडीआर४ मानकात ३२००च्या वर वेगच नाही. प्रोसेसर रायझन ५००० मालिकेतला असेल तर एएमडीची अधिकृत हमीही ३२००पर्यंतच. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे रॅमवाला ३६०० छापतो, प्रोसेसरवाला हात वर करतो, मदरबोर्डवाला बायोस अपडेट करायला सांगतो. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी फाइलला शोभेल अशी ही व्यवस्था, आणि रॅमदासी त्या तिघांच्या टेबलांवर अर्ज घेऊन फिरत असतो.

रात्री जेवणं आटोपली की अनुष्ठान सुरू होतं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ असतं. ख्रिस ब्रेडीने १९९४मध्ये लिहिलेल्या या प्रोग्रॅमवर त्याची गाढ श्रद्धा आहे. फुकट आवृत्ती चारच फेऱ्या मारते, म्हणून तो पुन्हापुन्हा सुरू करतो. आधी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी स्टिक. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक दोषी, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड. दोघी एकेकट्या निर्दोष आणि जोडीने लावल्यावरच चुका, असं निघालं की त्याचे डोळे लकाकतात: मेमरी कंट्रोलर! मग व्होल्टेज कणभर वाढव, वेग ३५३३, ३४६६ असा पायरीपायरीने उतरव. पहाटे आई पाणी प्यायला उठते तेव्हा पडद्यावर आकडे सरकत असतात. "अजून झालं नाही का रे तुझं?" यावर उत्तर एकच, "तिसरी फेरी चालू आहे."

गल्लीतला रिपेअरवाला मात्र स्टिक काढतो, सोनेरी कडेवर खोडरबर घासतो, परत दाबून बसवतो आणि पैसे घेऊन जातो. रॅमदासी त्याला अडाणी म्हणतो, कारण घासल्याने सोन्याचा मुलामा झिजतो. पण काढून पुन्हा नीट बसवल्यानेच बरीच मशीनं सुधारतात, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याच्या ड्रॉवरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटलीमागे एक खोडरबर आहेच.

तो अगदीच वेडा नाही, हेही सांगायला हवं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक गळका माठ, सेकंदाच्या काही शतांशांत पुन्हा भरावा लागणारा. तापमान वाढलं की गळती वाढते. म्हणून जानेवारीत सगळ्या फेऱ्या पास झालेली स्टिक तो मे महिन्यात पंखा बंद करून पुन्हा तपासतो. गूगलने आपल्या सर्व्हरांवर केलेल्या पाहणीत दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. तो २००९चा शोधनिबंध याने फोनमध्येच ठेवलाय. २००३मध्ये बेल्जियममधल्या शारबेक इथे मतदानयंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं फुकट दिली. आकडा शक्यच नव्हता, म्हणून पकडला गेला. मेमरीतला एक बिट उलटला असावा, असा तर्क निघाला, कारण ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. ही गोष्ट रॅमदासी दर निवडणुकीला सांगतो. ऐकणारे ती राजकीय समजून मान डोलावतात.

हल्ली त्याच्यापुढे वेगळंच संकट आहे. परवा भाचीने पातळ लॅपटॉप आणला, सारखा हँग होतो म्हणून. त्याने एकेक स्क्रू वाटीत ठेवत मागचं झाकण उघडलं. रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली. काढायला काही नाही, स्लॉट बदलायला काही नाही. बायोस उघडून पाहिलं, तर एक्सएमपीचा पर्यायही नाही. झाकण लावत तो म्हणाला, "वॉरंटी आहे ना? मग देऊन टाक त्यांच्याकडे."

"पण मामा, बिघडलंय काय?"

"व्हायरस असेल," रॅमदासी म्हणाला.