साडेचार फुटांचा आडोसा

आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा घरांचे पासवर्ड मला तोंडपाठ आहेत. त्यात दोन बँकांचे आहेत, एक विजेच्या बिलाचा आहे आणि एक दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मेलचा. ही मेल त्यांनी २००९ साली उघडली, आणि आजवर तिच्यात जाहिरातींशिवाय काहीही आलेलं नाही. यातला एकही मी चोरलेला नाही. चोरायची वेळ लोक येऊच देत नाहीत.

मी ऐरोलीला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. डोंबिवलीत, त्यातून टिळकनगरात, याचा अर्थ 'तो कॉम्प्युटरमधला' एवढाच होतो, आणि कॉम्प्युटरमधला म्हणजे घरातलं वायर असलेलं काहीही दुरुस्त करणारा. (मिक्सरही एकदा केलाय.) रविवारी सकाळी बेल वाजते. "अरे, जरा बघ ना, हे सारखं ओटीपी-ओटीपी करतंय." मी चपला अडकवून दुसऱ्या मजल्यावर उतरतो, काकांचा फोन हातात घेतो आणि म्हणतो, "काका, पासवर्ड तुम्ही टाका, मी तिकडे बघतो." काका दुखावतात. "तुझ्यापासून काय लपवायचंय? घे लिहून. गणेश. जी कॅपिटल. मग ॲट द रेट. मग एक नऊ पाच चार." काका शाळेत कवायत घ्यायचे. आवाज अजून तोच आहे. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू मान डोलावतात. काकांचं जन्मसाल त्यांना माहीत होतंच, गणेशही माहीत होता. नवीन कळलं ते फक्त ॲट द रेट.

एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी नवा पासवर्ड, हा जाच जगाच्या मागे लावण्यात ज्याचा मोठा हात, तो बिल बर नावाचा अमेरिकन गृहस्थ. तिथल्या मोजमापांच्या आणि मानकांच्या सरकारी संस्थेसाठी २००३ साली त्याने ही नियमावली लिहिली. २०१७ साली, निवृत्त झाल्यावर, आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं त्याने एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं. त्याच वर्षी त्या संस्थेनेही नियम फिरवले: लोकांना उगाच मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, त्यापेक्षा तो लांबलचक असू द्या. ही बातमी आमच्या ऑफिसात अजून पोचलेली नाही. तिथे दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. मी मूळ शब्द तोच ठेवतो आणि शेवटचा आकडा वाढवतो. सध्या ३१ चालू आहे.

आयुष्यात मला एकदाच प्रायव्हसी विकत मिळाली होती, तीही तासाच्या भाड्याने. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला देशात इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते मुंबईपर्यंत आलं. डोंबिवलीला पोचायला त्यालाही दादरला गाडी बदलावी लागली असणार. आम्हाला ते दिसलं फडके रोडच्या एका गल्लीतल्या सायबर कॅफेत. प्लायवूडची चार खुराडी, प्रत्येकाला मरून रंगाचा पडदा, तासाचे चाळीस रुपये. आत बसून मी नोकरीचे अर्ज पाठवायचो. देवाशप्पथ, अर्जच. पण पडद्यातून बाहेर येणाऱ्याकडे रांगेतले लोक ज्या नजरेने बघत, त्या नजरेला अर्ज वगैरे पटत नसे. एकदा रांगेत वडिलांचे एक गाडीतले मित्र होते. मी घरी पोचण्याआधी 'तुमचा मुलगा पडद्यामागे होता' हे घरी पोचलेलं. एकांताचे चाळीस रुपये मी भरले आणि बातमी गावाला फुकट मिळाली.

पुढे २०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्राशिवाय कुणाला बसवायचं नाही, कोण कधी येऊन गेला त्याच्या नोंदी किमान वर्षभर जपायच्या, आणि खुराड्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. साडेचार! चार म्हटलं असतं तर कमी पडलं असतं, पाच म्हटलं असतं तर लोक बिघडले असते. दिल्लीत कुणीतरी टेप धरून भारतीय नागरिकाला किती आडोसा पुरतो याचा हिशेब केला असणार. मी खुर्चीत बसलो की माझी टाळू साडेचार फुटांच्या जरा खाली राहते. म्हणजे मी झाकलेला, आणि उभ्याने डोकावणाऱ्याचीही सोय. इतका समतोल नियम मी पुन्हा पाहिलेला नाही. मात्र तो आला तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आले होते. कॅफेच्या जागी झेरॉक्सचं दुकान झालं.

प्रायव्हसीला आपण 'खासगीपणा' म्हणतो, पण तो शब्द आपल्यासारख्यांचा नव्हेच. खासगी असायची ती होळकरांची: दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. टिळकनगरात वन रूम किचनमध्ये सहा माणसं राहत, तिथे खासगी कुठली? तिथे आडोसा. दोरीवर लुगडं टाकलं की झाली मोरी, तेच लुगडं जरा सरकवलं की नवपरिणीत दांपत्याची खोली. पलीकडे काय चाललंय ते सगळ्यांना कळायचं आणि न कळल्यासारखं वागायचा प्रघात होता. लुगड्याने काही अडत नव्हतं. अडत होतं ते माणसांच्या न बघण्याने.

या पार्श्वभूमीवर निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. निकालपत्र ५४७ पानांचं. त्या दिवशी हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती. निकाल लागला तेव्हा मी डोंबिवली स्टेशनाबाहेर पत्री घ्यायला उभा होतो. माझी कोपरं दोन अनोळखी माणसांच्या बरगड्यांत होती, पिशवी तिसऱ्याच्या पोटावर, आणि मागची एक बाई माझ्या खांद्यावरून माझ्या फोनवर ती बातमी वाचत होती. "कसला हक्क मिळाला हो?" तिने विचारलं. मी सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, "आता जरा पुढे सरका."

आता फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो का, हा बिल्डिंगमधला लाडका प्रश्न. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना खात्रीच आहे. त्या सासूबाईंशी गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल बोलल्या आणि संध्याकाळी फोनवर पट्टे नाचायला लागले. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त ॲप तपासून २०१८ साली सांगितलं, की चोरून ऐकत असल्याचा पुरावा काही सापडला नाही. काही ॲप मात्र फोनच्या पडद्यावर काय चाललंय ते टिपून बाहेर पाठवत होती. वहिनींना हे पटलं नाही. मग मी त्यांना समोरच्या काकूंचं उदाहरण दिलं.

समोरच्या काकू कधीही भिंतीला कान लावत नाहीत. त्या फक्त पिशव्या बघतात. दीड किलो बटाटे, पाव किलो लिंबं आणि दोन लिटर जास्तीचं दूध: पाहुणे, बहुधा सासरचे. गाजर-बीट एकदम वाढलं: रक्त तपासून आलेत. मुलगा रोज पावणेदहाला घरी येतो, पण शुक्रवारी साडेअकराला: मुलगी ठाण्याची, त्याला सोडायला जावं लागतं. (ती ठाण्याचीच निघाली. नौपाड्याची.) पिशवीत काय, ती कुठून आली, किती वाजता आली, सोबत कोण होतं, एवढ्यावर काकू माणूस पूर्ण उभा करतात. फोनमधल्या कंपन्या हेच करतात. वहिनींच्या घरच्या वायफायवरून सासूबाईंच्या फोनवर महिनाभर गुडघेदुखी शोधली जात होती. घर एक, वायफाय एक, मग पट्टे वहिनींना दिसणारच. ऐकायची गरज काय? वहिनी म्हणाल्या, "म्हणजे काकू कंपनीला सांगतात?"

खरं सांगायचं तर काकूंची मला कधी भीती वाटली नाही, कारण त्यांच्याशी व्यवहार रोखीचा आहे. "या वर्षी पगार किती वाढला रे?" असं त्या विचारतात, पण त्याआधी भावाचा संगमेश्वरच्या जमिनीचा खटला तारखेसकट सांगतात. त्यांच्या पित्ताशयात किती खडे होते हे मला माहीत आहे. माझा पगार त्यांना माहीत आहे. हिशेब बरोबर. कंपनीला माझी झोप, माझी साखर, मी कल्याणला कुणाकडे जातो, सगळं ठाऊक, आणि कंपनीच्या पित्ताशयाचं मला काहीच ठाऊक नाही. ते कळावं म्हणून मी एकदा एका ॲपच्या अटी-शर्ती लोकलमध्ये वाचायला घेतल्या. आठ-दहाच्या फास्टला उभ्याने. ठाणं गेलं तरी 'आम्ही' म्हणजे कोण कोण याचीच व्याख्या चालली होती. घाटकोपरच्या पुढे मी दमलो आणि थांबलो. शेजारी लोंबकळणारे गृहस्थ म्हणाले, "वर सरकवा ना, माझं हे पान झालंय." संपूर्ण जगात त्या अटी वाचलेले तेच एक असतील, आणि त्यांनी ते ॲप घेतलेलंही नव्हतं.

चौकशी हा धंदा झाला की तिची मजा जाते. ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने २०१८च्या सुरुवातीला फोनच्या कॉल रेकॉर्डची बेकायदा विक्री उघडकीस आणली आणि खासगी गुप्तहेरांना अटक केली. काकूंनी ती बातमी दोनदा वाचली. याला लोक पैसे देतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

माझी बहीण ठाण्याला घोडबंदर रोडवर एकतिसाव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे जायचं तर गेटवर आधी वॉचमन टॅब धरून माझा फोटो काढतो. मग नंबर, मग ओटीपी, मग "कशासाठी?" भाऊबीज, असं सांगितलं. यादीत ते नव्हतं. डिलिव्हरी, गेस्ट, कॅब, मेड एवढेच पर्याय. मी गेस्ट झालो. तो फोटो कुठे जातो असं विचारल्यावर तो म्हणाला, "वर जातो, साहेब." वर गेल्यावर बहिणीला विचारलं, समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं? तीन वर्षं झाली, तिला माहीत नव्हतं. टॅबला माहीत होतं.

तरी मी आपल्या परीने लढतो. मे २०२२मध्ये आधारवाल्यांच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं होतं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होईल, फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी प्रत द्या. दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. मी काढला तो अर्थ धरून ठेवला. पुतण्याच्या मुंजीसाठी हॉल बुक करायला गेलो तेव्हा मॅनेजरला तशीच प्रत दिली, आठ आकडे झाकलेली. त्याने ती उजेडात धरली, तिरपी केली आणि परत दिली. "टोनर संपलाय त्याचा. पलीकडच्या दुकानातून चांगली काढून आणा." मी त्याला २०२३चा कायदा सांगितला, माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. तो म्हणाला, "डिपॉझिट पाच हजार." मी पलीकडून चांगली काढून आणली. ती त्याने ज्या फाइलीत लावली, तिच्यावर चहाचा कप ठेवलेला होता.

या सगळ्याचा राग मी दुसऱ्या मजल्यावर काढला. गेल्या महिन्यात काकांना समोर बसवून सांगितलं: गणेश नको, जन्मसाल नको. एखादं लांबलचक वाक्य घ्या जे फक्त तुम्हालाच माहीत असेल, आणि ते मलाही सांगू नका. काका विचारात पडले. फक्त आपल्यालाच माहीत असलेलं काहीतरी शोधायला त्यांना दोन दिवस लागले. मग एका दुपारी गॅलरीत बसून त्यांनी पासवर्ड बदलला आणि मला अंगठा दाखवला. मला खरंच आनंद झाला.

मंगळवारी बेल वाजली. "अरे, तो पासवर्ड काय होता रे?"

"मला कसा माहीत असणार, काका? तुम्ही सांगितलाच नाही."

"मग तू कॉम्प्युटरमधला कसला!"

खाली उतरलो. काका फोन घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. स्वयंपाकघरात काकी चहा टाकत होत्या. काकांना मधुमेह आहे, सहा वर्षांपूर्वी त्यांनी चहातली साखर सोडली, आणि हे सबंध बिल्डिंगला कौतुकाने सांगून झालेलं आहे. समोरच्या गॅलरीतून काकूंनी दोन मिनिटं हा त्रास पाहिला. काकांना टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची सवय, शाळेपासूनची.

"अहो भाऊजी," काकू ओरडल्या, "'नाक्यावर रोज दोन चमचे साखर'! सगळं जोडून!"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

मेल लगेच उघडली. त्यात नाक्यावरच्याच एका नव्या हॉटेलाची जाहिरात होती. काका आता संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा काकी सोबत असतात. पासवर्ड त्यांनी बदललेला नाही.